सुरीने रंगविलेले निसर्गचित्र

चित्रकलेच्या तासाला ‘निसर्गचित्र काढा’ असे सांगितले, की चौथीच्या वर्गातील बहुतेक कागदांवर एकच देखावा उमटतो. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून डोके वर काढणारा सूर्य, डोंगरातून निघून पुढे रुंद होत आलेली नदी, काठावर एक झोपडी आणि तिच्याशेजारी नारळाचे झाड. हिंगोली जिल्ह्यातील मुलाने नारळाची बाग क्वचितच पाहिलेली असते, आणि त्याच्या ओळखीची कयाधू उन्हाळ्यात वाळू व खडक उघडे टाकून बसलेली असते. तरीही त्याच्या कागदावर नदी बारमाही निळीच वाहते. यात मुलाचा दोष नाही. हा देखावा त्याने फळ्यावरून, वहीच्या वेष्टनावरून किंवा थोरल्या भावाच्या चित्रवहीतून घेतलेला असतो. त्याच वेळी शाळेच्या आवाराबाहेर फाल्गुनातील पळस फुललेला असतो, वसमतच्या बाजूला उकडलेली हळद खळ्यांवर वाळत पडलेली असते, नांगरलेल्या काळ्या रानावर संध्याकाळी जांभळी झाक उतरते. यातील काहीच कागदावर येत नाही. ज्या मुलाला आपले शिवार चित्रात घेण्याजोगे वाटत नाही, त्याला ते पुढे पाहण्याजोगेही वाटेनासे होते. हे नुकसान चित्रकलेच्या गुणांपुरते राहत नाही.

या सवयीवर एक उपाय चित्रकारांच्या हत्यारांतच सापडतो. तैलचित्रकार रंग कालवण्यासाठी जी पातळ, लवचिक, बोथट पात्याची सुरी वापरतात, तिला पॅलेट नाइफ म्हणतात. पुष्कळ चित्रकार कुंचला बाजूला ठेवून तिनेच चित्र रंगवितात. प्रत्यक्ष रंगविण्याच्या सुरीची मान गवंड्याच्या थापीप्रमाणे वाकविलेली असते, त्यामुळे बोटे ओल्या रंगाला लागत नाहीत. गवंडी गिलावा करताना जे करतो तेच येथे लहान प्रमाणावर घडते. पात्यावर रंगाचा गोळा घ्यावयाचा, तो फलकावर दाबावयाचा आणि एका दमात ओढावयाचा. सपाट ओढला तर गुळगुळीत पट्टा उमटतो, कड टेकविली तर बारीक रेघ येते, पाते अलगद फिरविले तर खालच्या रंगाचे ठिपके मधून दिसत राहतात.

अध्यापनाच्या दृष्टीने या सुरीचा खरा गुण तिच्या असमर्थतेत आहे. तिने बारीक बाह्यरेखा काढणे फार कठीण. पेन्सिल हाती आली की मूल झाडाचे पाठ केलेले चिन्ह काढते. सुरी हाती आली की ते चिन्ह काढताच येत नाही. मग झाड केवढे आहे, आकाशापेक्षा गडद आहे की फिकट, त्याची सावली कोणत्या रंगाची आहे, हे पाहिल्यावाचून गत्यंतर उरत नाही.

तैलरंगाचा पाया आपल्या शेतातलाच आहे, हे मुलांना अवश्य सांगावे. मराठवाड्यात रब्बीला पेरल्या जाणाऱ्या जवसाचे तेल हेच या रंगांचे मुख्य बंधन होय. त्यात रंगद्रव्याची पूड खलली की तैलरंग तयार होतो. हा रंग पाण्याच्या रंगाप्रमाणे उडून वाळत नाही. तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून हळूहळू घट्ट होते, म्हणून पातळ थराला काही दिवस, तर सुरीने दिलेल्या जाड थराला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. पूर्वी कालविलेला रंग जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवीत. प्रवासात ती पिशवी फुटे. १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या दाबता येणाऱ्या नळीचे पेटंट घेतले आणि रंग खांद्यावरच्या झोळीत घालून रानात जाणे सोपे झाले. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह कूर्बे याने खडक, कडे व समुद्राच्या लाटा सुरीने रंगविल्या. त्याच्या चित्रातील खडकाला खडकाचाच खरखरीतपणा आहे.

आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचे तर सय्यद हैदर रझा यांचे घ्यावे. त्यांचा जन्म १९२२ साली आजच्या मध्य प्रदेशातील बाबरिया या गावी झाला. वडील वनखात्यात नोकरीस असल्यामुळे बालपण मंडला भागातील जंगलात गेले. काकैया येथील प्राथमिक शाळेत हा मुलगा अभ्यासात चंचल होता. नंदलाल झारिया या गुरुजींनी एके दिवशी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याला त्याकडे मन लावून पाहावयास सांगितले. पुढे सुमारे १९८० पासून रझांच्या चित्रांत जो बिंदू मध्यवर्ती झाला, त्याचे मूळ ते स्वतः या प्रसंगाशी जोडीत. 

रझांनी १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या चित्रकला शाळेत शिक्षण घेतले व नंतर मुंबईत सर ज. जी. कला विद्यालयात. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे ते संस्थापक सदस्य. याच गटात अमरावती जिल्ह्यातील तळेगावचे हरी अंबादास गाडे होते. ते विज्ञानाचे पदवीधर. जबलपूरच्या अध्यापक महाविद्यालयात गणित व विज्ञान शिकवीत आणि निसर्गचित्रे काढीत. गणिताच्या शिक्षकाला चित्रकलेचा तास परका वाटू नये, एवढ्यासाठी हा उल्लेख.

१९४८ साली रझा काश्मीरला गेले. तेथे आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने त्यांची चित्रे पाहिली. चित्रकाराजवळ देणगी आहे, पण चित्रात बांधणी नाही, असा त्याचा अभिप्राय पडला. घराप्रमाणे चित्रालाही पाया, भिंती, तुळया लागतात, तेव्हा सेझान या चित्रकाराचा अभ्यास करावा, असे त्याने सुचविले. तरुण चित्रकाराला हे कटू लागले असते तरी नवल नव्हते. रझांनी मात्र मुंबईस परतून फ्रेंच भाषा शिकण्यास आरंभ केला आणि १९५० साली फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले. फ्रान्सच्या ग्रामीण भागांत हिंडून त्यांनी तेथील गावे, चर्चचे मनोरे व झाडी रंगविली. प्रथम घरांचे आकार काटेकोर व सपाट होते. पुढे तैलरंग हाती आला, सुरीने दिलेले जाड थर आले, आणि घरे व झाडे एकमेकांत मिसळू लागली. १९५६ मध्ये त्यांना फ्रान्समधील समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. फ्रेंच नसलेल्या चित्रकाराला तो प्रथमच मिळत होता. पुढे त्यांनी तैलरंग सोडून ॲक्रिलिक रंग घेतले, परंतु राजस्थान, सौराष्ट्र ही नावे फ्रान्समध्ये राहून काढलेल्या चित्रांना पडतच राहिली. सुमारे साठ वर्षे परदेशी राहून ते भारतात परतले. २०१६ साली दिल्लीत निधन झाल्यावर त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडला येथे वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन झाले.

आता वर्गाकडे वळावे. खरे तैलरंग प्राथमिक शाळेत आणू नयेत. ते महाग असतात हे एक कारण. त्यांतील काही रंगद्रव्ये विषारी असतात आणि टर्पेंटाइनची वाफ मुलांना बाधते, हे दुसरे. शिवाय जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास आपोआप तापून पेट घेऊ शकतात. सुरीचे काम खळीवरही उत्तम होते. मैदा किंवा कणीक पाण्यात कालवून मंद आचेवर दाट खळ शिजवावी, निवल्यावर तीत बाभळीच्या डिंकाचे थोडे पाणी घालावे, म्हणजे थर वाळताना कमी तडकतो. गेरूने तांबडा, कोळशाच्या वस्त्रगाळ पुडीने काळा, खडूच्या भुकटीने पांढरा, हळदीने पिवळा रंग मिळतो. निळा व हिरवा दुकानातून आणावा. पुस्तके बांधताना खळीत मोरचूद घालण्याची रीत आहे. मोरचूद विषारी असल्याने येथे ते मुळीच घालू नये, खळ त्याच दिवशी संपवावी. हळदीत चुना मिसळला तर रंग पिवळा न राहता लाल होतो. हा प्रयोग शिक्षकाने स्वतः वर्गापुढे करून दाखवावा, मुलांच्या हाती चुना देऊ नये. हळदीचा पिवळा रंग उन्हात विटतो, हेही आधीच सांगून ठेवावे. नाहीतर महिन्याने मुले हिरमुसतात.

सुरीऐवजी बांबूची तासून गुळगुळीत केलेली पट्टी किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा चालतो. फलक म्हणून खोक्याचा पुठ्ठा घ्यावा व त्यावर आदल्या दिवशी गेरूचा पातळ हात देऊन वाळवावा. या तांबड्या जमिनीवर काम केले म्हणजे थरांच्या फटींतून ऊब डोकावते. कोरा पांढरा कागद मात्र मुलाला पुन्हा त्या दोन डोंगरांची आठवण करून देतो.

वर्ग बाहेर नेल्यावर पहिली दहा मिनिटे कोणीही रंगाला हात लावू नये. डोळे अर्धवट मिटून पाहावयास सांगावे. तसे पाहिले म्हणजे पाने व फांद्या नाहीशा होतात आणि मोठे पट्टे तेवढे राहतात. सर्वांत गडद काय, सर्वांत उजळ काय, सर्वांत मोठा पट्टा कोणता, एवढेच विचारावे. चैत्रात एखादा मुलगा आकाश निळे म्हणेल. त्याला पुन्हा पाहावयास लावले तर ते धुळीने पांढुरके आहे हे तो स्वतःच सांगेल. नंतर दुरून जवळ या क्रमाने पट्टे चढवावेत. प्रत्येक ओढीनंतर पाते चिंधीला पुसावे. एकाच जागी पाते फिरवीत राहिले तर रंगांचा चिखल होतो. तसे झाल्यास तो भाग खरवडून पुन्हा लावावा. खरवडणे ही चूक समजू नये, सुरीचे ते अर्धे काम आहे.

औंढ्याला सहल गेली तर नागनाथाचे मंदिर या कामास फार सोयीचे. खालचा भाग काळ्या कोरीव दगडाचा, वरचा नंतर बांधलेला भाग फिकट. दोन पट्ट्यांत अर्धे चित्र उभे राहते. कोरीव मूर्ती रंगविण्याचा मोह सुरी आपोआप आवरते. सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यापाशी मुलांना केवळ पाहू द्यावे. काठावर रंगसाहित्य पसरू नये. परतल्यावर दुसऱ्या दिवशी स्मरणाने चित्र करण्यास सांगावे व त्यानंतर निबंध लिहून घ्यावा. हा क्रम उलटा केल्यास मुले निबंधातील वाक्यांचीच चित्रे काढतात.

गुण देताना हुबेहूबपणाचा विचार करू नये. मूल त्या जागी बसून चित्र करीत होते, याची खूण चित्रात सापडते की नाही, तेवढे पाहावे. एखाद्याने नुसता काळा व पिवळा असे दोनच पट्टे दिले असतील, आणि ते नांगरट व हळदीचे खळे असेल, तर ते पूर्ण चित्र आहे.

खळीचे फलक सावलीत आडवे ठेवून वाळवावेत, उन्हात पुठ्ठा वाकतो. भिंतीला चिकटवून ठेवल्यास झुरळे व वाळवी लागतात, म्हणून दोरीवर टांगावेत. प्रत्येक फलकाच्या मागे मुलाचे नाव, ठिकाण, महिना व दिवसाची वेळ लिहून घ्यावी. श्रावणात तोच वर्ग त्याच जागी पुन्हा नेला म्हणजे दोन्ही फलक शेजारी ठेवता येतील.