रत्ने : उत्पत्ती, लक्षणे व जतन

माणिक, मोती, पोवळे, पाचू, पुष्कराज, हिरा, नीलम, गोमेद व लसण्या ही परंपरेने मानलेली नवरत्ने होत. सहाव्या शतकातील वराहमिहिरांच्या 'बृहत्संहिता' या ग्रंथात हिरा, मोती, माणिक व पाचू यांच्या परीक्षेवर स्वतंत्र अध्याय आहेत. देवतांच्या अलंकारांत व घराघरांतील दागिन्यांत ही रत्ने पिढ्यान्‌पिढ्या जपली जातात. मात्र रत्न केवळ रंगावरून ओळखता येत नाही. ते कोणत्या द्रव्याचे आहे, हे जाणणे आवश्यक ठरते.

नवरत्नांपैकी सात खनिज आहेत. हिरा म्हणजे स्फटिकरूप कार्बन. भूपृष्ठाखाली सुमारे १५० किलोमीटर किंवा त्याहून अधिक खोलीवर तो प्रचंड दाब व उष्णतेने घडतो आणि ज्वालामुखीच्या उद्रेकाबरोबर वर येतो. अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत जगाला हिरे मुख्यत्वे भारतातूनच मिळत. कृष्णाकाठची कोल्लूरची खाण त्यासाठी विख्यात होती. माणिक व नीलम दिसावयास भिन्न असले तरी दोन्ही कुरुविंद या एकाच खनिजाची रूपे आहेत. क्रोमियमच्या अंशाने ते लाल होते, तर लोह व टिटॅनियमच्या अंशाने निळे. खनिजांच्या कठीणपणाच्या १ ते १० या श्रेणीत हिऱ्याचे स्थान १० व कुरुविंदाचे ९ आहे.

मोती व पोवळे ही दोन रत्ने मात्र जलचर प्राण्यांपासून मिळतात. शिंपल्यातील प्राणी थरावर थर चढवून मोती घडवितो. पोवळे हा सूक्ष्म सागरी जीवांचा सांगाडा होय. दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटची असल्याने ती मृदू असतात आणि आम्ल पदार्थांनी झिजतात. म्हणून नथ, तन्मणी, चिंचपेटी यांसारखे मोत्यांचे दागिने चिंच अथवा लिंबाने उजळू नयेत. दह्याचा समावेश असलेल्या पंचामृताच्या अभिषेकापूर्वी मूर्तीवरील असे अलंकार उतरवून ठेवावेत आणि मऊ कापडाने पुसावेत. पाचूतील सूक्ष्म भेगा बहुधा तेलाने भरलेल्या असतात. त्यामुळे तो गरम पाण्यात धुऊ नये. हिरा सर्वांत कठीण असला तरी जोराच्या आघाताने दुभंगू शकतो.

फ्रेंच शास्त्रज्ञ ऑगस्त व्हर्न्यूई यांनी १९०२ मध्ये कृत्रिम माणिक बनविण्याची रीत जाहीर केली. असे माणिक काचेचे नसते. द्रव्याने ते नैसर्गिक माणकासारखेच असते. त्याच्या अंतर्भागातील वक्र रेषा बहुधा सूक्ष्मदर्शकातूनच दिसतात. त्यामुळे दागिना आजीच्या काळचा आहे, एवढ्यावरून त्यातील माणिक नैसर्गिक ठरत नाही.

यास्तव मौल्यवान रत्न विकत घेताना किंवा देवतेस अर्पण करताना रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र घेणे हितावह आहे. रत्न नैसर्गिक की कृत्रिम, त्यास उष्णता दिली आहे काय, भेगांत काच वा तेल भरले आहे काय, याची नोंद त्यात पाहावी. हे प्रमाणपत्र अलंकारासोबत जपल्यास पुढील पिढ्यांना त्याची योग्य निगा राखता येते.