उमेदवार म्हणतो ‘उधळपट्टी थांबवू, औंढा सुरक्षित करू’: खरेखोटे तपासायला खर्च किती?

शंभर रुपयांच्या आत. हातात दीड-दोन महिने असतील तर नगरपंचायतीच्या खर्चाचे आणि सुरक्षेच्या कामांचे कागद मतदानाआधी तुमच्या घरात येऊ शकतात. औंढा नागनाथ नगरपंचायतीची मागची निवडणूक डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ मध्ये झाली. जागा १७, मुदत पाच वर्षे. पुढच्या मतदानाची तारीख जाहीर व्हायची वाट पाहू नका. तेव्हा अर्ज केलात तर उत्तर बहुधा निकालानंतर मिळेल.

आधी हे पाहा की उमेदवार जे देतो म्हणतो ते त्याच्या हातात आहे का. पोलीस नगरपंचायतीचे नाहीत, ते राज्याच्या गृह विभागाचे. औंढ्याच्या ठाण्यात किती माणसे द्यायची, रात्रीची गस्त कुठे ठेवायची, महाशिवरात्रीच्या यात्रेला बंदोबस्त किती लावायचा, हे पोलीस अधीक्षकांच्या पातळीवर ठरते. नगरसेवक निवेदन देऊ शकतो, आदेश नाही. त्यामुळे ‘पोलीस वाढवून आणतो’ हे आश्वासन यादीतून सरळ खोडा. पथदिवे, उघडी गटारे, मोकाट कुत्री, धोकादायक इमारती, रस्त्यावरची अतिक्रमणे, आग विझवण्याची सोय ही कामे मात्र नगरपंचायतीची. प्रश्न यांवर विचारा. कॅमेरे बसवतो म्हणाला तर लगेच विचारा: पैसा कोणाचा, देखभालीचा करार किती वर्षांचा, वीजबिल कोण भरणार? कॅमेरा एकदाच विकत घेतला जातो, त्याचा खर्च दर महिन्याला असतो. नागनाथ मंदिराचा कारभारही नगरपंचायतीकडे नाही, त्यासाठी स्वतंत्र संस्थान आहे. दोन्हीकडचे पैसे एकाच भाषणात मिसळले जात असतील तर ते वेगळे करून मागा.

आता कागद. माहिती अधिकाराचा अर्ज ‘नमुना अ’मध्ये, नगरपंचायतीच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे करा. फी १० रुपये. कोर्ट फी स्टॅम्प चिकटवा किंवा रोख भरून पावती घ्या. दारिद्र्यरेषेखालील कुटुंब असेल तर पुराव्याची प्रत जोडा, फी माफ. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. खर्च आणि सुरक्षा एकत्र लिहाल तर अर्ज अडवायला निमित्त मिळेल, म्हणून दोन अर्ज करा: २० रुपये. हाताने लिहिलेला अर्ज चालतो, टंकलेखकाला पैसे द्यायची गरज नाही. माहिती कशासाठी हवी हे सांगायचे बंधन कायद्याने तुमच्यावर नाही. विचारले तरी लिहू नका. अर्ज आवक टेबलावर स्वतः द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका, कारण पुढचे अपील त्या शिक्क्यावर उभे राहते.

उत्तराची मुदत ३० दिवस. प्रतीचा दर पानाला २ रुपये. पैसे भरा असे पत्र आले तर पत्राच्या तारखेपासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत, म्हणून त्याच दिवशी भरा. मुदत उलटून गेल्यावर दिलेली माहिती फुकट द्यावी लागते. त्या वेळी पानांचे पैसे मागितले तर नकार द्या.

खरा खर्च वाढतो तो ‘पाच वर्षांची सर्व बिले द्या’ असे लिहिल्याने. शेकडो पानांचा आकडा येतो आणि माणूस अर्ज सोडून देतो. त्याऐवजी आधी अभिलेख पाहायला मागा. पहिल्या तासाला फी नाही. फायली चाळा, हवी ती पाने टिपून घ्या आणि तेवढ्याच प्रती काढा. दोन अर्ज आणि ३५ पाने म्हणजे ९० रुपये.

काय मागायचे? चालू वर्षाचा अर्थसंकल्प, मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष जमाखर्च आणि स्थानिक निधी लेखापरीक्षेतले आक्षेप. मग तुमच्या प्रभागातले एकच काम निवडा आणि त्याचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि अंतिम देयक मागा. यातली मोजमाप पुस्तिका सर्वात मोलाची. रस्ता किती लांब, किती रुंद, किती जाड झाला हे तिच्यात लिहिलेले असते. टेप घेऊन गल्लीत उतरा आणि ताडून पाहा. दुसऱ्या अर्जात पथदिव्यांचे दोन वर्षांचे वीजबिल, दुरुस्तीची देयके आणि प्रभागवार दिव्यांची यादी मागा. यादीतले दिवे रात्री मोजता येतात.

‘इतके कोटी आणले’ या दाव्यापाशी सर्वात जास्त थांबा. मंजूर, प्राप्त आणि खर्च हे तीन वेगळे आकडे आहेत. फलकावर बहुधा मंजूरचा आकडा असतो. तिन्ही मागा. पैसा कुठल्या अटीवर आला हेही पाहा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, उरलेल्या ४० टक्क्यांतून पगार देता येत नव्हते. ‘तो पैसा कॅमेऱ्यांना का वापरला नाही’ असे विचारणाऱ्याला आधी ही अट दाखवा. एकाच रस्त्याचे तीन छोटे तुकडे पाडून वेगवेगळी कामे दाखवली असतील तर सावध व्हा. ई-निविदेच्या मर्यादेखाली राहण्याचा हा जुना मार्ग आहे. ‘सुशोभीकरण’ आणि ‘किरकोळ’ या शीर्षांखालची रक्कमही नक्की पाहा.

गुन्ह्यांचे आकडे हवे असतील तर अर्ज वेगळा, हिंगोलीच्या पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे. पुन्हा १० रुपये. चोरी, अपघात, महिलांवरील गुन्हे, तीन वर्षांचे, फक्त औंढा ठाण्यापुरते मागा.

उत्तर आले नाही तर ३० दिवसांत पहिले अपील, फी २० रुपये. तिथेही दाद मिळाली नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. तिथे निकालाला बराच काळ जातो, म्हणून मतदानासाठी त्यावर विसंबू नका. ‘आचारसंहिता आहे, माहिती देता येत नाही’ असे कोणी सांगितले तर ते लेखी मागा. आचारसंहितेने माहितीचा अधिकार थांबत नाही.

एक कागद पूर्ण मोफत आहे: उमेदवाराचे शपथपत्र. त्यात गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण असते. ते निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात पाहायला मिळते. मोजका खर्च करू म्हणणाऱ्याचा प्रचारही पाहा. २०२५ मध्ये सुधारलेल्या मर्यादेनुसार नगरपंचायतीत सदस्यपदाच्या उमेदवाराला २ लाख २५ हजार आणि नगराध्यक्षपदाच्या उमेदवाराला ६ लाख रुपयेच खर्च करता येतात. जेवणावळी आणि गाड्या त्याहून जास्तीच्या दिसत असतील तर तारखेसह फोटो काढून ठेवा आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. तक्रारीला फी नाही.

अर्ज एकट्याने करायला संकोच वाटत असेल तर गल्लीतले चौघे मिळून चार वेगवेगळ्या कामांचे अर्ज टाका आणि आलेली उत्तरे प्रचाराला आलेल्या प्रत्येक उमेदवारापुढे ठेवा, सत्तेतल्याही आणि नव्याही. या आठवड्यात स्टॅम्प घ्या आणि पहिला अर्ज आवक टेबलावर द्या.