वृद्धाश्रमाची पारख कशी करावी?



घरभेटीला गेलो की हल्ली एक प्रश्न आम्हांला वारंवार ऐकू येतो. मुलगा पुण्याला, मुलगी सुरतेला, घरी आई एकटी आणि तिचे गुडघे थकलेले. "फादर, एखादा चांगला वृद्धाश्रम आहे का?" असे हळू आवाजात विचारले जाते. आई-वडिलांना आश्रमात ठेवावे की नाही, हा स्वतंत्र विषय आहे. प्रत्येक घराची अडचण वेगळी असते. आज आपण एवढेच पाहू या, की ठेवण्याची वेळ आलीच, तर "चांगला" हा शब्द कशावरून ठरवायचा?

पाटी आणि नोंदणी

जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर "नर्सिंग होम" अशी पाटी दिसते, ती खासगी रुग्णालयाची किंवा प्रसूतिगृहाची. १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली त्यांची नोंद होते. परदेशात याच शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तेथे नर्सिंग होम म्हणजे परावलंबी वृद्धांना वर्षानुवर्षे सांभाळणारी संस्था. आपल्याकडे ते काम बहुतांशी वृद्धाश्रमांवर येऊन पडते. राज्य सरकारने १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रम योजना सुरू केली. जळगावजवळच्या सावखेड्याचा मातोश्री आनंदाश्रम आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. शिवाय लहानमोठे खासगी आश्रमही निघाले आहेत.

सेवाभावी संस्था चालवीत असलेला आश्रम बहुधा धर्मादाय आयुक्तांकडे न्यास म्हणून नोंदलेला असतो. ही नोंदणी जरूर पाहावी. परंतु तिच्यावरून संस्थेचे विश्वस्त कोण आणि हिशेब कसे हे कळते. आजीला रात्री कोणी कुशीवर वळवले का, हे कळत नाही.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारावा: "आमची आई पुढे अंथरुणाला खिळली, तर तुम्ही तिला ठेवाल का?" चालत्या-फिरत्या वृद्धांनाच प्रवेश देणारे आश्रम पुष्कळ आहेत. त्यात लपवाछपवी नसेल तर दोषही नाही. पण आपल्याला ते आधी माहीत हवे. उत्तर लेखी घ्यावे.

तीन कसोट्या

सेवेची गुणवत्ता मोजायची कशी, यावर डॉ. आव्हेडिस डोनाबेडियन यांनी आयुष्यभर विचार केला. त्यांचा जन्म १९१९ साली बैरुत येथे झाला, पुढे ते अमेरिकेत अध्यापन करीत. १९६६ साली लिहिलेल्या एका लेखात त्यांनी तीन कसोट्या मांडल्या: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. वैद्यकीय सेवेच्या अभ्यासात त्या आजही वापरतात.

आपल्या कळण्याच्या भाकरीचे उदाहरण घेऊ. चूल, तवा आणि पीठ ही रचना. मळणे, थापणे, भाजणे ही प्रक्रिया. ताटात आलेली भाकरी हा परिणाम. उत्तम तवा असला म्हणजे भाकरी उत्तम होतेच असे नाही. म्हणून एकाच कसोटीवर निर्णय देऊ नये.

१. रचना. इमारतीचा रंग आणि बागेतली फुले आपल्याला लगेच दिसतात. त्याऐवजी संडासात धरायला दांडी आहे का, उंबरठे सपाट आहेत का, खाटेवरून हात पोहोचेल अशी घंटा आहे का, हे पाहावे. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तेव्हा कूलर चालतो का, वीज गेल्यास काय सोय आहे, पाण्याचा साठा किती, हे प्रश्न चैनीचे नाहीत. म्हातारपणी तहानेची जाणीव मंदावते. "मागितले की पाणी देतो" एवढे पुरेसे नाही. न मागता द्यावे लागते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रात्री माणसे किती असतात? थोडा हिशेब करून पाहा. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. समजा, असे २० वृद्ध आहेत आणि रात्री एकच सेविका आहे. १२० मिनिटे भागिले २०, म्हणजे प्रत्येकाला ६ मिनिटे. त्यातच लंगोट बदलणे, पाणी पाजणे, आणि रात्रभर क्षणाचीही विश्रांती नाही. अंगाने जड असलेल्या व्यक्तीला वळवायला तर दोन माणसे लागतात. अशा ठिकाणी सेविका कितीही मायाळू असली, तरी कोणाच्या तरी पाठीला जखम होणारच. दोष तिच्या मनाचा नसून माणसे कमी ठेवणाऱ्या व्यवस्थेचा असतो. फार स्वस्त आश्रम पाहून आनंद होतो, तेव्हा हा हिशेब आठवावा.

२. प्रक्रिया. दिवस कसा जातो ते पाहावे. जेवण भरवणारी व्यक्ती आजीचा घास संपण्याची वाट पाहते, की दुसरा घास पुढे करते? औषध दिल्याची वेळ वहीत लिहिली जाते का? आंघोळ घालताना आडोसा असतो का? नावाने हाक मारतात, की खाटेच्या क्रमांकाने? एखाद्या आजोबांना आयुष्यभर अहिराणीच बोलायची सवय असेल, तर त्यांची भाषा समजणारे कोणी तेथे आहे का? दुखते कुठे, हे माणूस शेवटी आपल्याच बोलीत सांगतो.

सगळे वृद्ध दुपारभर झोपलेले आणि आश्रम अगदी शांत दिसला, तर झोपेच्या गोळ्या कोणाला व कोणाच्या सांगण्यावरून देतात, हे विचारावे. खाटेला बांधून ठेवणे ही सेवा नव्हे.

३. परिणाम. वार्धक्यात प्रकृती खालावते, आणि दर वेळी त्याचे कारण हलगर्जीपणा नसते. तरीही काही खुणा बोलक्या असतात. माकडहाड, टाचा, खुबे येथील कातडी पाहावी. लालसर डाग दाबूनही फिका होत नसेल, तर ती दाबजखमेची सुरुवात असू शकते. वजन महिन्यात शेकडा ५ ने घटले, म्हणजे ५० किलोच्या आजीचे अडीच किलो कमी झाले, तर डॉक्टरांना दाखवावे. वारंवार पडणे, कोरडी जीभ, वाढलेली नखे आणि एकाएकी आलेला अबोला याही खुणाच आहेत.

दूरदेशीचा अनुभव

अमेरिकेत १९८६ साली एका समितीने नर्सिंग होमच्या सेवेवर अहवाल दिला आणि १९८७ साली नवा कायदा झाला. तपासनीसांनी केवळ कागद व इमारत न पाहता प्रत्यक्ष वृद्धांची स्थिती पाहावी, यावर भर आला. कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधून न ठेवले जाण्याचा हक्क वृद्धांना मिळाला. २००८ पासून तेथे एक ते पाच तारे देऊन संस्थांची प्रतवारी होते. मात्र त्यातली काही माहिती संस्थांनी स्वतःच कळवलेली असते. म्हणून तेथेही शहाण्या कुटुंबाला सांगतात, की तारे पाहा, पण स्वतः जाऊन या. आपल्याकडे तसे तारेही नाहीत. मग जाऊन येण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही.

भेट हीच तपासणी

प्रवेशापूर्वी निदान दोनदा जावे. एकदा वेळ ठरवून, आणि दुसऱ्यांदा आश्रमाचे नियम सांभाळून, पण आगाऊ न कळवता. जेवणाची किंवा संध्याकाळची वेळ उत्तम. आपल्या आईला मिळणारी खोली पाहून परतू नये. ज्यांना बोलता येत नाही आणि ज्यांना भेटायला कोणी येत नाही, अशा व्यक्तीच्या खाटेपर्यंत जावे. तिची चादर कोरडी आहे का, ओठ ओले आहेत का, हे पाहावे. तक्रार करू न शकणाऱ्याला जी सेवा मिळते, तीच त्या आश्रमाची खरी सेवा. आपल्या आईची वाचा उद्या गेली, तर तिच्याही वाट्याला तीच येणार.

प्रवेशानंतरही जात राहावे. जळगाव ते धुळे हे अंतर नव्वदेक किलोमीटर आहे. एसटीने जाऊन-येऊन दिवस मोडतो, आणि "पुढच्या महिन्यात जाऊ" असे होत राहते. जवळचा साधा आश्रम दूरच्या झकपक आश्रमापेक्षा पुष्कळदा बरा ठरतो, तो यामुळेच. चौथी आज्ञा आश्रमाच्या फाटकाशी संपत नाही. आणि आई तक्रार करते तेव्हा "म्हातारपणी असेच बोलतात" असे म्हणून ती उडवून लावू नये.

कायद्याचा आधार

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण अधिनियम २००७ साली झाला. निर्वाहासाठी आई-वडिलांना प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट न पाळल्यास, परत मागता येते. वृद्धाला टाकून देणे हा गुन्हा आहे. गरजू वृद्धांसाठी जिल्ह्यात निदान एक, १५० जणांचा वृद्धाश्रम असावा, असेही हा कायदा सुचवतो. अडचणीत १४५६७ या मोफत दूरध्वनी क्रमांकावर सल्ला मिळतो.

डोनाबेडियन यांचे २००० साली कर्करोगाने निधन झाले. शेवटच्या आजारात त्यांनी रुग्ण म्हणून खाटेवरून ही सेवा अनुभवली. त्या काळातील एका मुलाखतीत, गुणवत्तेचे रहस्य अखेर प्रेमात आहे, अशा अर्थाचे ते बोलले. मोजमापाला आयुष्य दिलेल्या माणसाने हे सांगितले, तरी त्यांनी मोजणे सोडा असे म्हटले नाही. ज्याच्यावर प्रेम असते, त्याच्या पाठीवरचा लाल डाग आपण पाहतो, आणि रात्री किती माणसे असतात हेही विचारतो.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातील वृद्धांना स्वतःला काय हवे आहे, हे आपण त्यांना विचारले आहे का?

२. आपल्या ओळखीचे कोण वृद्धाश्रमात आहे? त्यांना आपण शेवटचे कधी भेटलो?

३. ज्यांना भेटायला कोणीच येत नाही, त्यांच्यासाठी महिन्यातून एक रविवार आपल्याला देता येईल का? ज्यांना शक्य आहे, त्यांनी मिस्सानंतर आम्हांला भेटावे.