च्यवनप्राशासाठी आमलकी : वाणभेद आणि मात्राविचार

चरकसंहितेतील च्यवनप्राशाच्या पाठात आमलकी ५०० फळे अशी संख्येने सांगितली आहे. मत्स्यंडिका, मधु, तैल व घृत मात्र मानाने. वैद्य रानआवळा वापरीत, तोवर यात विशेष अडचण नव्हती. आज बाजारात प्रामुख्याने कलमी आवळा येतो व त्याचे आकारमान वाणागणिक भिन्न असते. म्हणून वाणांचा परिचय वैद्यास आवश्यक ठरतो.

वाणपरिचय : बनारसी, चकैया व फ्रान्सिस हे जुने वाण होत. बनारसीचे फळ मोठे, अल्पतंतू व लवकर तयार होणारे. परंतु झाड कमी धरते व फळ टिकत नाही. चकैयाचे फळ मध्यम, तंतुमय, उशिरा येणारे व टिकाऊ. बहर मात्र वर्षाआड कमी-अधिक असतो. फ्रान्सिसच्या फांद्या लोंबत्या, फळ मोठे. पण गर आतून काळा पडण्याचा विकार त्यात अधिक आढळतो. उत्तर प्रदेशातील कुमारगंज येथील कृषी विद्यापीठाने या तिन्हींच्या रोपांतून नवे वाण निवडले. बनारसीपासूनचा ‘कृष्णा’ लवकर येतो. चकैयापासूनचा ‘कांचन’ नियमित व भरपूर फळतो. त्याचे फळ मध्यम व तंतुमय असते. चकैयापासूनच्याच ‘नरेंद्र आवळा-६’मध्ये तंतू अल्प, म्हणून तो मुरंब्यास उत्तम. फ्रान्सिसपासूनच्या ‘नरेंद्र आवळा-७’चा गर काळा पडत नाही, फलभाराने फांद्या मोडतात, म्हणून आधार द्यावा लागतो.

पोषणविचार : ‘क’ जीवनसत्त्वाचे प्रमाण वाण, पक्वता व परीक्षणपद्धती यांनुसार १०० ग्रॅम गरात सुमारे २५० ते ७०० मिलिग्रॅम असे बदलते. तेवढ्यावरून वाणाची श्रेष्ठता ठरवू नये. आमलकी लवणवर्जित पंचरसात्मक आहे. फळ केवळ आंबट नसून तुरटही आहे ना, हे चाखून पाहावे.

मात्राविचार : रानआवळा सरासरी १२ ग्रॅमचा धरल्यास ५०० फळे ६ किलो होतात, ४० ग्रॅमच्या कलमी फळांची २० किलो. मत्स्यंडिका अर्धी तुला, म्हणजे ५० पल. पल ४८ ग्रॅमचे धरता ती २ किलो ४०० ग्रॅम भरते. अर्थात किलोभर फळांस पहिल्या प्रकारी ४०० ग्रॅम, तर दुसऱ्या प्रकारी अवघी १२० ग्रॅम शर्करा पडते. हा हिशेब न करता आम्ही एका हिवाळ्यात ५०० मोठी फळे मोजून घेतली. अवलेह पंधरवड्यातच बुरसला व रुग्णांना दिलेला परत मागवावा लागला. दोष पाठाचा नव्हता, आमच्या मोजणीचा होता.

यास्तव वैद्यबंधूंनी पुढील नियम पाळावा. २० फळे तोलून सरासरी काढावी, चार-पाच कापून गर पाहावा, एकूण वजन निश्चित करूनच इतर द्रव्यांचे प्रमाण योजावे आणि निर्माणवहीत वाण व वजन दोन्ही नोंदवावे. निवड करता आल्यास कांचन किंवा नरेंद्र आवळा-७ यांची मध्यम, परिपक्व फळे घ्यावीत. ग्रंथातील संख्या त्या काळच्या फळाची आहे. आपल्या हातातील फळ आपणच तोलले पाहिजे.