चार्ज देईपर्यंत

परवा तू ओट्याला टेकून म्हणालीस, "मावशी, तीनच वर्षं राहिलीत, पण सकाळी बँकेच्या पायऱ्या चढवत नाहीत गं." तेव्हा माझा हात भाकरीच्या पिठात होता आणि बाहेर जावईबापू बसले होते, म्हणून गप्प राहिले. आता सावकाश लिहिते. मी जिथे फसले आणि जिथे वाचले, तेवढंच.

आधी मला हे सांग, तीन वर्षं हा आकडा कुठून काढलास? जुलै 2008 ला लागलीस, म्हणून जुलै 2028 ला वीस वर्षं, असाच ना? पेन्शनला नुसती वीस वर्षं चालत नाहीत, पात्र सेवा वीस वर्षं लागते आणि बिनपगारी रजा तिच्यात सहसा धरत नाहीत. धाकट्याच्या आजारपणात तू चार महिने बिनपगारी घरी होतीस. म्हणजे नोव्हेंबर उजाडला. वीस भरल्यावर मग नोटीस, तीही कमीत कमी तीन महिन्यांची. फेब्रुवारी 2029. तू ज्या तारखेकडे डोळे लावून बसली आहेस ती तुझी तारीखच नाही. आज कळलं तर हसशील, 2028 च्या जुलैत कळलं असतं तर रडली असतीस.

तारीख एकदा नक्की झाली की ती घरात सांग, बँकेत सांगू नकोस. आमच्या मार्केट यार्डातल्या शाखेत एक गृहस्थ होते. हिशेबाला इतके पक्के की दिवसाची जुळणी अडली की सगळी शाखा त्यांच्या टेबलाभोवती गोळा व्हायची. त्यांनी एका सकाळी हजेरीपटावर सही करताना जाहीर केलं, "आजपासून चारशे दिवस." मग रोज एक कमी करून सांगायचे. आठवड्याभरात मॅनेजरने कर्जाच्या फायली त्यांच्याकडून काढून घेतल्या, कारण अर्ध्यात सोडून जाणाऱ्याकडे नवं काम कोण देईल? महिन्याभराने आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. त्या माणसाने वर्षभर पाकिटांना तिकिटं चिकटवली. निरोपसमारंभात बोलायला उठले आणि काही बोलताच आलं नाही. लोकांना वाटलं गहिवरले. मी शेजारी बसले होते, मला माहीत आहे, ते संतापले होते. काम कमी झालं की दिवस लवकर जातो हा भ्रम आहे पोरी. रिकामा दिवस सगळ्यात लांब असतो.

आता जे मुख्य सांगायचं ते. तुला वाटतंय की शेवटच्या वर्षांत उत्साह टिकला नाही तरी काय बिघडतं, ढकलत नेऊ. बिघडतं. स्वेच्छानिवृत्ती हा हक्क असला तरी नोटीस मंजूर व्हावी लागते आणि तुझ्यावर चौकशी चालू असली की ती अडते. आणि चौकशी कशी लागते? चोरी करणारे थोडे. कंटाळलेले जास्त. न वाचता सही करणारे, "झालं असेल बरोबर" म्हणणारे.

माझं स्वतःचं सांगते. 2012 चा मार्च. यार्डात हळदीची आवक जोरात, गोदामाच्या पावत्यांवरची कर्जं, त्यात वर्षअखेर. सोनेतारणाची तिजोरी माझ्या आणि कॅशियरच्या संयुक्त ताब्यात, चाव्या दोघांकडे. संध्याकाळी पाकिटं मोजून रजिस्टरवर सही करायची. महिनाभर मी मोजलीच नव्हती. कॅशियर म्हणायचा "बरोबर आहेत मॅडम" आणि मी सही ठोकायची. मनात एकच, अजून एक वर्ष. एका दुपारी ऑडिटर आले. रजिस्टरवर पाकिटं बेचाळीस, तिजोरीत एकेचाळीस.

दोन तास. खालचे कप्पे, वरचे कप्पे, तारण सोडवलेल्यांच्या पावत्या. माझ्या डोळ्यांपुढे एकतीस वर्षं एका पाकिटाला बांधून टांगलेली. शेवटी ते पाकीट सापडलं, जुन्या रद्द झालेल्या चेकबुकांच्या ट्रेमध्ये सरकलेलं. ऑडिटर चांगला माणूस होता, शेरा मारला नाही, पण जाताना म्हणाला, "मॅडम, मोजत जा." त्या दिवसानंतर निवृत्तीच्या दिवसापर्यंत मी रोज मोजली. आणि गंमत बघ, मोजायला लागल्यावर कंटाळा कमी झाला. हाताने काम करताना मन दुसरीकडे भटकत नाही, एवढंच त्याचं कारण. जपमाळ ओढणाऱ्या म्हाताऱ्यांना हे आपल्याआधी कळलेलं असतं.

म्हणून माझी रीत अशी होती: उद्याच चार्ज द्यायचा आहे असं धरून रोजचं टेबल ठेवायचं. तुझ्या जागी उद्या सकाळी नवी मुलगी बसली तर तिला कुठली फाइल कुठे आहे हे तुला फोन न करता कळलं पाहिजे. मी एक दोनशे पानी वही केली होती. कुठला खातेदार सही दोन तऱ्हांनी करतो, कुठल्या संस्थेचा ठराव जुना झालाय, कुठल्या म्हातारबांना पैसे मोजून हातात द्यायचे, खिडकीतून सरकवायचे नाहीत. ती वही लिहिताना मला समजलं की आपल्याला किती माहीत आहे. इतकी वर्षं कोणी विचारलंच नव्हतं.

दुसरं, शेवटच्या काळात एखादं काम मागून घे, जे कोणाला नको असतं आणि ज्याचा शेवट दिसतो. मी निष्क्रिय खाती मागून घेतली. दोन वर्षं देवघेव झाली नाही की खातं निष्क्रिय होतं. आमच्याकडे त्यांचे गठ्ठे होते. मी ठरवलं, रोज एक खातं. पत्ता काढायचा, पत्र टाकायचं, गावातल्या कोणाला तरी विचारायचं. एकदा तासगावकडच्या एका बाईंचा पत्ता लागला. नवरा वारून सहा वर्षं झालेली, त्याने आवर्ती ठेव भरली होती हे त्यांना ठाऊकच नव्हतं. वारसदार म्हणून नाव होतं, कागद पूर्ण करायला तीन खेपा झाल्या. रक्कम फार मोठी नव्हती. बाईंनी जाताना पिशवीतून पेरू काढून काउंटरवर ठेवले आणि काही न बोलता गेल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत कुठल्या टार्गेटने मला तसं वाटलं नव्हतं. 2014 पासून तर दहा वर्षं पडून राहिलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा कराव्या लागतात. नंतरही मागता येतात म्हणा, पण खेड्यातल्या बाईला कोण सांगणार? तुझ्या शाखेत अशी खाती असतीलच. माग. कोणी नाही म्हणणार नाही, उलट चहा पाजतील.

पैशाचं थोडक्यात, कारण तू माझ्यापेक्षा हुशार आहेस, फक्त स्वतःच्या बाबतीत हिशेब टाळतेस. तू 2010 च्या आधी लागलीस म्हणून ही पेन्शन तरी आहे. पण आपण "अर्धा पगार" म्हणतो ती पेन्शन तेहेतीस वर्षांना. मी 2013 ला निघाले तेव्हा बत्तीस झाली होती, मला जवळपास पुरी मिळाली. वीस वर्षांना त्या निम्म्याचे तेहेतीसपैकी वीस भाग, म्हणजे पेन्शनला धरतात त्या पगाराच्या शंभरात तीस. स्वेच्छानिवृत्तीत पाच वर्षांपर्यंत जादा सेवा धरायची तरतूद आहे, ती धरली तरी अडतीसच्या आतच.

आणि सरासरी शेवटच्या दहा महिन्यांच्या पगाराची धरतात. आत्ताचा वेतनकरार 1 नोव्हेंबर 2022 पासून पाच वर्षांचा, म्हणजे पुढचा 1 नोव्हेंबर 2027 पासून लागू व्हायचा. मूळ पेन्शन एकदा ठरली की पुढे करार कितीही होवोत, ती तीच राहते; वाढतो तो महागाई भत्ता. मूळ पेन्शनही वाढावी म्हणूनच आमची सगळी पेन्शनर मंडळी भांडतायत. तेव्हा नव्या पगारावरचे दहा महिने पुरे करूनच नीघ. तुझी तारीख 2029 मध्ये गेली त्याचा हा फायदा. रडू नकोस.

हे वाचून तुझ्या पोटात गोळा आला असेल तर बरंच झालं. आता त्यावरचा उपाय ऐक. येत्या जानेवारीपासून सहा महिने पगारातून पेन्शनएवढेच पैसे घरी आण, बाकीचे दुसऱ्या खात्यात टाक आणि त्या खात्याचं कार्ड मला आणून दे. मी हे केलं होतं. तिसऱ्या महिन्यात घर अडलं. दूध, लग्नसराईतले आहेर, तुझ्या काकांचं पुण्याला ऊठसूट जाणं. चौथ्या महिन्यात मी पुन्हा पगार पूर्ण आणायला लागले आणि त्या महिन्यात बँकेची पायरी चढताना मला कंटाळा आला नाही. कशासाठी चढतोय ते पायांना माहीत झालं होतं. बाकी कोणी प्रेरणेची भाषणं दिली तर ऐकून घे, टाळ्या वाजव आणि घरी येऊन मघाशी सांगितली ती वही लिही.

एका गोष्टीचं भान मात्र आजच ठेव. आरोग्यविमा स्वतःच्या नावावर आत्ताच घे. आधीपासूनच्या आजारांना विमा कंपन्या तीन वर्षांपर्यंत थांबवू शकतात आणि तुला थायरॉइड आहे. आज घेतलास तर नोकरी संपताना तो पिकलेला असेल. निवृत्तांचा सामूहिक विमा असतो, पण त्याचा हप्ता दरवर्षी घाम फोडतो.

रजा साठवू नकोस. म्हणजे साठव, पण हद्दीपर्यंत. माझ्या वेळी विशेष रजा 240 दिवसांच्या वर साठत नव्हती, वरची वाया जायची, आणि मी किती वाया घालवली ते सांगायला लाज वाटते. आता हद्द बदलली आहे, ती बघून वरचे सगळे दिवस घे. दिवाळीच्या आधी चार, उन्हाळ्यात दहा. सलग घे, तुकडे नकोत. शेवटच्या वर्षांत थकवा येतो त्यातला अर्धा न घेतलेल्या रजेचा असतो.

कितीही डोकं फिरलं तरी रागात कागद लिहू नकोस. आमच्या एका सहकाऱ्याने झोनल मॅनेजरशी भांडून पांढऱ्या कागदावर "राजीनामा देत आहे" असं लिहून दिलं होतं. बावीस वर्षं सेवा. युनियनच्या माणसाने धावत जाऊन तो कागद परत आणला आणि फाडला. राजीनामा म्हटलं की मागची सेवा जप्त, पेन्शन नाही. स्वेच्छानिवृत्ती हा शब्द आणि राजीनामा हा शब्द यांच्यामध्ये सबंध म्हातारपण आहे. नोटीस दिलीस आणि मन बदललं तर तारखेच्या आधी मंजुरीने मागे घेता येते, तेही लक्षात असू दे. 2000-01 साली सरकारी बँकांत व्हीआरएसची लाट आली तेव्हा पंधरा वर्षं सेवा किंवा चाळिशी झालेल्यांना अर्ज करता येत होता. लाखभर माणसं गेली. मी एक्केचाळीसची होते, माझाही अर्ज लिहून झाला होता. पण मी 1995 ला पेन्शनचा पर्याय घेतला नव्हता, भविष्यनिर्वाह निधीच ठेवला होता, म्हणून सासऱ्यांनी थांबवलं. पेन्शनची दुसरी संधी 2010 ला आली. थांबले नसते तर आज तुझ्या आईकडे हात पसरावा लागला असता. आमच्या शाखेतून गेलेल्यांतले दोघे सहा महिन्यांनी दुपारचे येऊन खातेदारांच्या बाकावर बसायचे. कोणी हाकललं नाही, पण कोणी चहाही विचारेनासं झालं. नंतर काय करायचं हे तुला आत्ता ठरवायची घाई नाही, पण आठवड्यातली एक संध्याकाळ आजपासूनच बँकेपासून तोड. ती पुढे उपयोगी पडते.

राहिला प्रश्न महिन्याचा. फेब्रुवारीत नियमाने सुटलीस तर मार्चअखेर दुसऱ्यांच्या गळ्यात टाकून जाशील. कायद्याने काही चुकत नाही. मी असते तर मार्च करून, एप्रिलमध्ये ऑडिट करून, चार्जच्या यादीवर नव्या मुलीची सही घेऊन मे महिन्यात निघाले असते. तू ठरव.

उद्या जेवणाच्या सुट्टीत तुझं सर्व्हिस शीट काढ आणि बिनपगारी दिवस एकेक करून मोज. चार महिने ही माझी आठवण आहे, कागद काय म्हणतो ते बघ. आकडा मला रात्री फोनवर सांग, नऊच्या आत. त्यानंतर मी झोपते.