वाचकांचे प्रश्न : कराराचे शेवटचे वर्ष आणि मैदानाबाहेर बसलेला खेळाडू

प्रश्न : अमेरिकन फुटबॉलमधील नामांकित खेळाडू करार संपायला एक वर्ष उरले असताना सराव शिबिराला गैरहजर राहतात आणि वाढीव रकमेचा नवा करार मागतात. हा उघड करारभंग असताना संघ न्यायालयात जाऊन त्यांना मैदानात का उतरवत नाहीत? (एक वाचक, कॅन्सस सिटी, मिझुरी)

उत्तर : करारभंग होतो याविषयी दुमत नाही; परंतु करारभंग सिद्ध झाला म्हणजे कराराची सक्तीने पूर्तता होतेच असे नाही, आणि प्रश्नाचे मर्म तेथेच आहे. जमिनीच्या व्यवहारात विक्रेता ऐनवेळी फिरला, तर न्यायालय त्याला तीच जमीन देण्यास भाग पाडू शकते. व्यक्तिगत सेवेच्या कराराला, म्हणजे एखाद्याच्या अंगच्या कौशल्यावर अवलंबून असलेल्या कामाच्या कराराला, हा उपाय अमेरिकी न्यायालये लावत नाहीत. मनाविरुद्ध खेळणारा खेळाडू मन लावून खेळतो की नाही हे न्यायाधीशाने कसे तपासावे, ही एक अडचण. आणि १८६५ मध्ये राज्यघटनेत आलेल्या तेराव्या दुरुस्तीने इच्छेविरुद्धच्या सेवेवर बंदी घातली आहे, ही दुसरी आणि अधिक मोठी.

न्यायालय खेळाडूला खेळायला लावू शकत नसले, तरी दुसरीकडे खेळण्यापासून रोखू शकते. हे तत्त्व १८५२ मधील लंडनच्या एका खटल्यातून आले, ज्यात योहाना वाग्नर या गायिकेला ठरलेल्या नाट्यगृहात गाण्याची सक्ती झाली नाही, पण प्रतिस्पर्धी नाट्यगृहात गाण्यास मनाई झाली. अमेरिकी खेळात ते १९०२ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने नॅप लाजोवे या बेसबॉलपटूला लावले. त्याने फिलाडेल्फियातील एक संघ सोडून त्याच शहरातील दुसरा संघ धरला होता. मनाई हुकूम आल्यावर तो क्लीव्हलँडला गेला आणि हुकूम पेनसिल्व्हेनियापुरताच चालत असल्याने संघ फिलाडेल्फियात खेळायला गेला की हा मागे राहू लागला. आजच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये (एनएफएल) ती पळवाट उरलेली नाही. लीगच्या प्रमाणित करारात खेळाडूचे कौशल्य असाधारण असून त्याची भरपाई पैशाने होणार नाही अशी कबुली आधीच लिहिलेली असते, आणि करारबद्ध खेळाडूला लीगमधील दुसरा संघ घेऊच शकत नाही.

राहता राहिला पैसा. करारबद्ध खेळाडूने सराव शिबिर चुकवून अडून बसणे याला तेथे होल्डआउट म्हणतात. २०२० मध्ये लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यात झालेल्या सामूहिक करारानुसार पहिल्या करारावर नसलेल्या खेळाडूला शिबिरातील गैरहजेरीसाठी रोज ५० हजार डॉलर दंड होतो, आणि तो माफ करणे संघाच्या हाती नाही. पूर्वी नवा करार झाला की संघ मोठ्या मनाने दंड सोडून देत असत. ती सोय बंद करण्यासाठीच हे कलम आले. शिवाय करारात मुदत थांबवण्याची तरतूद असते, म्हणजे खेळाडू पूर्ण मोसम घरी बसला तर ते वर्ष सरले असे धरले जात नाही, पुढे ढकलले जाते. त्यामुळे शेवटचे वर्ष नुसते बसून काढून मोकळे होण्याचा मार्ग करारबद्ध खेळाडूला उपलब्ध नाही.

कॅन्सस सिटी चीफ्सच्या ख्रिस जोन्सचा दाखला येथे सर्वांत बोलका आहे. २०२३ हे त्याच्या कराराचे शेवटचे वर्ष होते आणि मूळ वेतन १ कोटी ९५ लाख डॉलर होते. सेंट जोसेफ येथील शिबिर त्याने पूर्ण चुकवले. ७ सप्टेंबरला मोसमाचा पहिला सामना झाला तेव्हा तो अ‍ॅरोहेड स्टेडियममध्येच होता, पण प्रेक्षकांच्या खासगी कक्षात. चीफ्स डेट्रॉइट लायन्सकडून २०-२१ असे, एका गुणाने हरले. वेतन अठरा आठवड्यांत विभागले जात असल्याने त्या एका संध्याकाळची किंमत त्याला सुमारे १० लाख ८० हजार डॉलर पडली, दंड वेगळाच. चार दिवसांनी कामगिरीवर आधारित बक्षिसे वाढवून देणारा सुधारित करार झाला, तोही त्याच एका वर्षापुरता. त्या मोसमात संघाने सुपर बोल जिंकला आणि मार्च २०२४ मध्ये त्याला पाच वर्षांसाठी १५ कोटी ८७ लाख ५० हजार डॉलरचा करार मिळाला. या यशाचे श्रेय अडून बसण्याला द्यावे की त्यानंतरच्या खेळाला, हा प्रश्न खुला आहे. दुसरा पर्याय अधिक पटण्यासारखा आहे.

अशा खेळाडूला शब्द न पाळणारा म्हणून हिणवण्याची रीत आहे, परंतु तो शब्द दोन्ही बाजूंना सारखा बांधत नाही. खेळाडूचे कौशल्य समाधानकारक राहिले नाही असे संघाचे मत झाले की संघ करार संपवू शकतो, आणि हमी नसलेल्या उरलेल्या वर्षांचे वेतन बुडते. ज्या करारातून एक पक्ष हवा तेव्हा बाहेर पडतो, त्यात दुसऱ्या पक्षाने शेवटच्या वर्षी हात आखडता घेतला तर त्याला केवळ लोभ म्हणणे अन्यायाचे आहे.

दंड टाळण्यासाठी अलीकडे वेगळी वाट निघाली आहे. खेळाडू शिबिरात हजर राहतो, बैठकांना बसतो, पण कुठले तरी दुखणे सांगून सरावात उतरत नाही. डॅलस काउबॉइजचा मायका पार्सन्स २०२५ च्या उन्हाळ्यात पाठ आखडल्याचे सांगत असाच थांबला. एका सराव सामन्यात तो मैदानाच्या कडेला उपचाराच्या टेबलावर आडवा झालेला दिसला आणि त्या छायाचित्राची मोठी चर्चा झाली. २८ ऑगस्टला संघाने त्याला ग्रीन बे पॅकर्सकडे धाडले आणि तेथे चार वर्षांसाठी १८ कोटी ८० लाख डॉलरचा करार झाला. दुखणे खरे की सोयीचे, हे सिद्ध करण्याची यातायात कोणता संघ करणार?

प्रश्न : पिट्सबर्ग स्टीलर्सचा लेव्हियॉन बेल २०१८ मध्ये संपूर्ण मोसम बाहेर बसला, तरी त्याला दंड झाला नाही. असे कसे? आणि त्यात त्याचा फायदा झाला का? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : दंड झाला नाही, कारण त्या वर्षी बेल करारबद्धच नव्हता. ज्याचा करार संपला आहे अशा एका खेळाडूला संघ दर मोसमात फ्रँचाइज टॅग लावू शकतो. १९९३ पासून चालत आलेल्या या तरतुदीमुळे खेळाडू बाजारात न जाता आणखी एक वर्ष संघाकडे राहतो, आणि मोबदला साधारणपणे त्या स्थानावरील सर्वाधिक वेतनांच्या सरासरीवरून किंवा आदल्या वर्षीच्या रकमेच्या १२० टक्के, यांपैकी जो अधिक असेल तो मिळतो. बेलला २०१७ मध्ये १ कोटी २१ लाखांचा टॅग लागला आणि तो खेळला. २०१८ मध्ये सुमारे १ कोटी ४५ लाखांचा दुसरा टॅग आला, त्यावर त्याने सही केली नाही. सही नाही म्हणून करार नाही, करार नाही म्हणून दंड नाही. पण वेतनही नाही, आणि दर आठवड्याला सुमारे ८ लाख ५५ हजार डॉलर हातचे गेले. १३ नोव्हेंबरची मुदत उलटताच सहकाऱ्यांनी त्याच्या कपाटातले बूट वाटून घेतले.

मार्च २०१९ मध्ये न्यूयॉर्क जेट्सने त्याला चार वर्षांसाठी ५ कोटी २५ लाख डॉलर देऊ केले. वर्षाची सरासरी काढली तर ती नाकारलेल्या टॅगपेक्षा कमी भरते, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये जेट्सने त्याला सोडूनही दिले. हिशेब म्हणून हा तोट्याचाच व्यवहार होता.

तरीही दुखापतीची भीती निराधार नव्हती. २०१८ च्या त्याच मोसमात सिअ‍ॅटल सीहॉक्सचा अर्ल थॉमस कराराच्या शेवटच्या वर्षी शिबिर चुकवून, पण मोसम सुरू होण्याआधी परतला; ३० सप्टेंबरला त्याचा पाय मोडला आणि गाडीवरून बाहेर नेला जात असताना त्याने आपल्याच संघाच्या बाकाकडे मधले बोट दाखवले. मात्र त्याला पुढे बाल्टिमोर रेव्हन्सने चार वर्षांसाठी ५ कोटी ५० लाखांचा करार दिला. दोघांची खेळण्याची स्थाने वेगळी आहेत, त्यामुळे तुलना ताणू नये. पण पाय मोडलेल्याला घरी बसलेल्यापेक्षा कमी मिळाले नाही, एवढे आकडे सांगतात.

प्रश्न : भारतीय कायद्यात चित्र वेगळे आहे का? (एक वाचक, कल्याण)

उत्तर : करार चालू असेपर्यंत फारसे वेगळे नाही. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ हा कायदा व्यक्तिगत कौशल्यावरील कराराची सक्तीने पूर्तता करून देत नाही, पण कलम ४२ नुसार दुसरीकडे काम न करण्याची अट मात्र बजावता येते. निरंजन शंकर गोलिकारी यांच्या खटल्यात, म्हणजे कल्याणजवळच्या सेंच्युरी कंपनीच्या टायर कॉर्ड कारखान्यातील नोकरी मध्येच सोडून कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेलेल्या कर्मचाऱ्याच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये कराराच्या मुदतीपुरती अशी मनाई उचलून धरली.

फरक पडतो तो मुदत संपल्यावर. श्रीरामपूरचा वेगवान गोलंदाज झहीर खान याच्याशी केलेला व्यवस्थापनाचा करार संपल्यानंतरही पुढच्या कराराचा पहिला हक्क आपलाच, असा परसेप्ट डी'मार्क कंपनीचा दावा होता. व्यवसायावर निर्बंध घालणारे करार निरर्थक ठरवणाऱ्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम २७ चा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो मान्य केला नाही. या कसोटीवर फ्रँचाइज टॅगसारखी अट भारतात तगणे कठीण आहे. अमेरिकेत ती तगते, कारण ती संघाने एकतर्फी लादलेली नसून खेळाडूंच्या संघटनेने सामूहिक करारात मान्य केलेली आहे, आणि अशा सामूहिक वाटाघाटींच्या कक्षेतील निर्बंधांना स्पर्धाविषयक कायद्यातून सूट मिळते, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एका फुटबॉलपटूच्याच खटल्यात दिलेला आहे. टॅगविषयी तक्रार असलेल्या खेळाडूने त्यामुळे न्यायालयापेक्षा आधी आपल्या संघटनेचे दार ठोठावणे इष्ट.