नवोदय प्रवेश परीक्षा : शब्दसंपत्ती आणि शाब्दिक तर्क
(सेमाडोह परिसरातील पाचवीच्या विद्यार्थ्यांसाठी एक पाठ)



१९८५-८६ साली देशात प्रथम दोनच नवोदय विद्यालये सुरू झाली. एक हरियाणातील झज्जर येथे आणि दुसरे आपल्या अमरावती जिल्ह्यात. ज्या जिल्ह्याला हा मान मिळाला, त्याच जिल्ह्यातील मेळघाटच्या मुलांना ही परीक्षा आपली वाटू नये, ही खेदाची गोष्ट होय. विद्यालयातील किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी आहेत. अनुसूचित जाती, जमाती व मुलींसाठीही राखीव जागा आहेत. परंतु राखीव जागेवरही परीक्षा देऊनच बसावे लागते, आणि ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. म्हणून तयारी वेळेत व्हावी, या हेतूने हा पाठ लिहीत आहोत.

१. परीक्षेचे स्वरूप

दोन तासांत ८० प्रश्न सोडवायचे असतात, गुण १००. मानसिक क्षमता चाचणीचे ४० प्रश्न (५० गुण), अंकगणिताचे २० (२५ गुण) व भाषेचे २० (२५ गुण). चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नये. परीक्षा मराठीतून देता येते.

मानसिक क्षमतेचे प्रश्न आकृत्यांचे असतात. शब्दांची खरी कसोटी भाषेच्या भागात लागते. तेथे चार उतारे व प्रत्येकावर पाच प्रश्न येतात. समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करून हे प्रश्न सुटत नाहीत. वाचलेल्या वाक्यावरून विचार करता यावा लागतो. राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेत मात्र बुद्धिमत्ता चाचणी हा स्वतंत्र विषय असून तेथे शाब्दिक तर्काचे प्रश्न थेट विचारले जातात. दोन्हींची तयारी एकत्र करावी.

२. घरच्या शब्दापासून पुस्तकाच्या शब्दाकडे

एकदा सरावाच्या उताऱ्यात 'कोथिंबीर' हा शब्द आला. चुणचुणीत मुलगा, पण तेथेच अडला. आम्ही म्हटले, "अरे, सांबार!" तेव्हा तो हसून म्हणाला, "सांबार तं आमच्या आंगनातच हाये." त्याला वस्तू ठाऊक होती, शब्दही ठाऊक होता, फक्त पुस्तकातला शब्द ठाऊक नव्हता. याला अज्ञान म्हणू नये. आपली बोली चुकीची नाही. ती पहिली पायरी आहे.

कोरकू घरातील मुलांना तर दोन पायऱ्या चढाव्या लागतात. कोरकू ही संथाळी, मुंडारी यांच्याप्रमाणे मुंडा कुळातील भाषा आहे. मराठीचे कूळच वेगळे. म्हणून एक वही करावी व तीन रकाने आखावेत : घरचा शब्द, शाळेचा शब्द, पुस्तकाचा शब्द.

कुला – वाघ – व्याघ्र
डा – पाणी – जल
वावर – शेत – क्षेत्र
ढोरं – गुरे – पशुधन
बंडी – बैलगाडी – शकट

पुस्तकाचा शब्द शोधायला दूर जावे लागत नाही. 'मेळघाट व्याघ्र प्रकल्प' ही पाटी आपण रोज पाहतो. कुला, वाघ व व्याघ्र हे तिन्ही शब्द ज्याला आले, त्याचा एका ओळीचा अभ्यास झाला. 'सांबार' आणि 'सांबर' यांतील काना विसरू नका. एक भाजीत पडते, दुसरे जंगलात पळते!

रोज पाच शब्द लिहिले तर २०० दिवसांत १,००० शब्द होतात. प्रत्येक शब्दाचे स्वतःचे एक वाक्य करावे. वाक्य जमले नाही, तर तो शब्द अजून आपला झाला नाही असे समजावे.

३. शब्द फोडून अर्थ काढणे

पाचवीतील एका मुलीने 'अपरिचित' या शब्दाचा अर्थ 'ओळखीचा' असा लिहिला. पुढचा 'अ' तिने पाहिलाच नाही. आम्ही तिला पंचशीलातील 'अदिन्नादान' हा शब्द आठवायला सांगितला. विहारात तो तिला लहानपणापासून पाठ. दिन्न म्हणजे दिलेले, अदिन्न म्हणजे न दिलेले, आदान म्हणजे घेणे. कोणी न दिलेले घेणे, म्हणजेच चोरी. तिने क्षणभर विचार केला आणि 'अपरिचित' स्वतःच दुरुस्त केला. मग अशक्य, असत्य, अहिंसा असे शब्द तीच सांगू लागली. जे पाठ होते त्याचा अर्थ कळला, आणि अर्थ कळताच तो दुसरीकडे उपयोगी पडला.

आता आपल्याच रस्त्यावरील आणखी एक शब्द घ्या : अभयारण्य. अ + भय + अरण्य. जेथे प्राण्यांना भय नाही असे अरण्य. बुद्धमूर्तीच्या अभयमुद्रेतील 'अभय' तो हाच.

परंतु दोन सावधगिऱ्या बाळगाव्यात. पहिली, प्रत्येक 'अ' नकाराचा नसतो. 'अवघड' मधून 'अ' काढला तर 'वघड' उरते, तो शब्दच नाही. उरलेला भाग अर्थपूर्ण असेल तरच फोड करावी. दुसरी, फोड बरोबर असली तरी वाक्य पाहावे. 'अमूल्य' म्हणजे किंमत नसलेले नव्हे. ज्याची किंमत करता येत नाही इतके मोलाचे.

४. शाब्दिक तर्काचे प्रकार

(अ) सहसंबंध. धम्म : धर्म :: कम्म : ?
(१) काम (२) कर्म (३) क्रम (४) कमाई
आधी पहिल्या जोडीचे वाक्य करा : 'धम्म' या पाली शब्दाचे संस्कृत रूप 'धर्म'. तेच वाक्य दुसऱ्या जोडीला लावा. 'काम' अर्थाने जवळचे वाटते, पण नाते तेच नाही. उत्तर : कर्म. याच रीतीने सच्च–सत्य, निब्बान–निर्वाण अशा जोड्या मुलांनी स्वतः जमवाव्यात.

दुसरे उदाहरण. गाय : वासरू :: हरीण : ? उत्तर : पाडस. म्हशीचे रेडकू, शेळीचे करडू, घोड्याचे शिंगरू हेही लक्षात ठेवा.

(आ) विसंगत पद. साग, बांबू, मोह, तेंदू.
कोणी म्हणेल, सागाचे फळ आपण खात नाही, म्हणून साग वेगळा. पण बांबूचेही फळ आपण खात नाही. मग दोन वेगळे झाले. नियम असा हवा की तिघांना लागू पडेल व एकालाच वगळेल. साग, मोह, तेंदू हे वृक्ष आहेत. बांबू हे गवताच्या कुळातील आहे. उत्तर : बांबू.

(इ) अकारविल्हे क्रम. धम्म, दान, धन, दया.
वर्णमालेत 'द' आधी, मग 'ध'. पहिले अक्षर सारखे असेल तर पुढे पाहावे. उत्तर : दया, दान, धन, धम्म.

(ई) सांकेतिक भाषा. 'कमल' हा शब्द 'खयव' असा लिहिला, तर 'वन' कसा लिहाल?
क नंतर ख, म नंतर य, ल नंतर व. प्रत्येक अक्षराऐवजी वर्णमालेतील पुढचे अक्षर घेतले आहे. व नंतर श, न नंतर प. उत्तर : शप. संकेताचा शब्द निरर्थक दिसला तरी घाबरू नये.

५. उतारा व त्यावरील विचार

पुढील उतारा सरावासाठी आम्हीच रचला आहे.

'पावसाळ्यात नदीला पूर आला की पलीकडच्या गावातील मुलांची शाळा बुडे. एका वर्षी गुरुजींनी नियम केला, की जो आज हजर आहे त्याने आजचा धडा गैरहजर मुलाला शिकवायचा. पूर ओसरल्यावर तसे सुरू झाले. महिन्याने चाचणी झाली. गैरहजर राहिलेली मुले मागे पडली नाहीत. आणि शिकवणाऱ्या मुलांना आधीपेक्षा अधिक गुण मिळाले.'

प्रश्न १. 'ओसरणे' याच्या विरुद्ध अर्थाचा शब्द कोणता? (१) आटणे (२) थांबणे (३) चढणे (४) वळणे
पूर ओसरल्यावर मुले येऊ लागली, म्हणजे पाणी उतरले. उत्तर : चढणे.

प्रश्न २. शिकवणाऱ्या मुलांचे गुण का वाढले असावेत? (१) ती मुळातच हुशार होती (२) शिकवताना त्यांचा अभ्यास पक्का झाला (३) गुरुजींनी त्यांना झुकते माप दिले (४) चाचणी सोपी होती
पहिले, तिसरे व चौथे खरे असू शकेल, पण उताऱ्यात त्याला आधार नाही. उत्तर : (२). जे उताऱ्यात आहे त्यावरूनच निष्कर्ष काढावा, मनचे घालू नये. ऐकीव गोष्टीला आधार विचारणे ही आपल्या धम्माचीही शिकवण आहे.

६. पालक व सभासदांस विनंती

शहरातील मुले पैसे भरून शिकवणी लावतात. आपल्याजवळ तो पैसा नाही, पण माणसे आहेत. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ साली सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. खेड्यातील मुलाला राहायला जागा, जेवण व पुस्तक मिळाले तर तो शिकतो, हे त्यांनी ओळखले होते. नवोदयमध्ये आज हीच सोय शासन करते. त्या दारापर्यंत मुलाला नेणे एवढेच आपले काम उरले आहे.

त्याच बाबासाहेबांनी पाली भाषेचे व्याकरण व शब्दकोश तयार केला. तो महाराष्ट्र शासनाने १९९८ साली त्यांच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केला. एवढ्या मोठ्या माणसाने शब्दांचा अर्थ लावण्यासाठी इतके कष्ट घेतले, हे मुलांना आवर्जून सांगावे. प्रत्येक विहारात एक मराठी शब्दकोश असावा. वंदनेनंतर अर्धा तास सहावी-सातवीच्या मुलांनी पाचवीच्या मुलांना घेऊन बसावे. वरच्या उताऱ्यातील नियम येथेही लागू आहे. अर्जाची तारीख पालकांनी शाळेत विचारून घ्यावी. अर्ज न भरल्यामुळे संधी गेली, असे एकाही मुलाच्या बाबतीत होऊ नये.

विद्यार्थी मित्रांनो, विद्यालयात जागा जास्तीत जास्त ८० आणि बसणारी मुले पुष्कळ. सर्वांची निवड होणार नाही. निवड झाली नाही तर खचू नका. वहीतले १,००० शब्द कोणी परत घेत नाही. ते पुढच्या प्रत्येक परीक्षेत, प्रत्येक अर्जात, प्रत्येक सभेत तुमच्या उपयोगी पडतील. आजच वही आखा व पहिला शब्द घरचा लिहा.

जय भीम!